डोळे मिटून केलेली पारख

आमच्या खराद मंडळात, म्हणजे लाकूड कातणाऱ्यांच्या मंडळात, मी आठ वर्षं होते, आणि त्या आठ वर्षांत माझ्याइतकी खोट दुसऱ्या कुणी काढली नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. खरं म्हणजे थोडं मोठेपणा म्हणूनच सांगते, त्यात लाजायचं काय? पण ज्यांनी मला त्या मंडळात घेतलं, त्यांच्याच कामाला मी एकदा चारचौघांत नावं ठेवली. त्यांच्या हातचा पाळणा त्यांच्या नातीच्या लेकराला मिळणार की नाही, हा प्रश्न माझ्या दोन वाक्यांनी उभा राहिला. ती गोष्ट सांगायची तर लाटण्यापासून सांगावी लागते.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही आर्वीला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत राहायचो. नवरा डेपोत मेकॅनिक, आणि मी घरी मेस चालवायची. कंडक्टर, ड्रायव्हर, कापूस बाजारातले दोन-तीन कारकून असे जेवायला असायचे. दोन्ही वेळच्या मिळून दीडशेच्या खाली पोळ्या कधी गेल्या नाहीत. त्यामुळे तळहाताला काय लागतं आणि काय लागत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

नवऱ्याला रविवारी घरात पाय ठरत नसे. सकाळी आठला तो निघायचा तो थेट आरामशीनच्या, म्हणजे लाकूड चिरायच्या गिरणीच्या, मागच्या शेडमध्ये. तिथे एक म्हातारे मिस्तरी होते. सगळे त्यांना बाबा म्हणायचे. पिढीजात खरादी. खाटेचे पाय, पाळणे, लाटणी, भोवरे यात त्यांचं आयुष्य गेलं. लोखंडी पलंग आले, प्लास्टिक आलं, आणि त्यांचं दुकान बंद पडलं. आरामशीनच्या मालकानं जागा दिली म्हणून खराद तिथे नेऊन ठेवली. बाबा वेळ जावा म्हणून काहीबाही कातत बसायचे. लोक आधी बघायला उभे राहू लागले, मग बसू लागले, मग हात लावू का म्हणू लागले. असं ते मंडळ झालं. ना पाटी, ना पावती, ना अध्यक्ष. आठ माणसं होती. त्यात एक कापड दुकानदार, एक शाळेतले ड्रॉइंग मास्तर, आणि माझा नवरा. खराद पूर्वी दोरीनं ओढून फिरवायचे. माझ्या नवऱ्यानं तिला विहिरीवरची जुनी मोटर जोडून दिली, आणि तेव्हापासून तो स्वतःला अर्धा मालक समजत असे.

एका रविवारी तो माझ्यासाठी मंडळातून लाटणं घेऊन आला. शिसमाचं, दोन्ही टोकांना मणी काढलेले, लाखेनं असं चमकवलेलं की त्यात तोंड दिसावं. दुकानदाराच्या हातचं होतं. मी दुसऱ्या दिवशी लाटायला घेतलं तर पोळी एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पापड. मला वाटलं आपलाच हात आज ठिकाणावर नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. एका कंडक्टरनं ताटातली पोळी उचलून विचारलं, "काकू, हे अर्धी पोई अन् अर्धी रोटी हाये का?" त्या दिवशी माझं डोकं फिरलं.

पुढच्या रविवारी मी पोळपाट, लाटणं आणि कणकेचा गोळा घेऊन शेडमध्ये गेले. पुरुषांचा अड्डा, लाकडाच्या ढलप्यांवर चहा उकळत होता, आणि मी मधोमध पोळपाट मांडून पोळी लाटली. कुणाला काही न बोलता ती उचलून बाबांच्या हातात दिली. बाबांनी पोळी दोन बोटांत धरून फिरवली, मग लाटणं घेतलं, डोळे मिटले आणि त्यावरून अंगठा सरकवला.

"एका अंगानं पोट जादा हाये," ते म्हणाले.

दुकानदार म्हणाला, "डोयाले तं दिसत नाई बाबा."

"डोयाले नाई दिसत. हिले कणकेत दिसलं." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, पुढच्या रविवारी येजो."

"बाया इथं येऊन काय करतीन जी?" दुकानदारानं विचारलं.

"खोट काढन. आठ दिवस तुमच्यात हे लाटनं फिरून राह्यलं होतं. कोनाले दिसली का?"

दुकानदारानं ते मनात ठेवलं, आणि मीही ठेवलं. आमचं दोघांचं कधी जमलं नाही. तो मला डिवचायचा, मी त्याला. मंडळाला त्यात मजाच वाटायची.

सकाळची मेस उरकून मी दहाच्या सुमारास शेडवर जायची. पदर खोचून वरून नवऱ्याचा जुना खाकी शर्ट चढवायची, म्हणजे पदर मोटरच्या पट्ट्यात जायला नको. गावात कुणीतरी उठवलं की बाई डेपोत लागली. लागली तर लागली. पहिले चार महिने बाबांनी मला पटाशी धरू दिली नाही, नुसतं उभं राहायला शिकवलं. कोपर बरगडीला टेकलेलं हवं, पटाशी टेकूवर हवी, आणि जोर हातात नको. "लाकडाले येऊ दे, तू जाऊ नोको," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की पोळी लाटतानाही ते ऐकू यायचं.

मंडळाचं सगळ्यात मोठं काम तान्ह्या पोळ्याचं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडाचे बैल सजवून मिरवतात. त्या बैलांची चाकं आम्ही कातून द्यायचो. महिनाभर आधीपासून शेडमध्ये चाकांचा ढीग लागायचा. बैल सुताराकडून यायचे, काही घरांत तर आजोबांच्या वेळचे होते, नुसती चाकं झिजलेली. लेकरं दारात रांग लावायची आणि कुणाचं चाक डगमगलं तर दुसऱ्या दिवशी आईला घेऊन भांडायला यायची. असे भांडणारे आले की बाबा खूश असायचे. चाक वापरलं जातंय, असं ते म्हणायचे.

पण मंडळाचा जीव होता तो पारखीत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ज्यानं जे केलं असेल ते टोपलीत टाकायचं. टोपलीवर पोतं. सगळे ओंडक्यांवर गोल बसायचे, डोळे मिटायचे, आणि एकेक वस्तू हातोहात फिरायची. ज्याच्या हातात आली त्यानं अंगठा फिरवून खोट सांगायची. नसेल तर 'साफ' म्हणायचं. वस्तू करणाऱ्यानं मधे अवाक्षर काढायचं नाही, आपली आहे हेही सांगायचं नाही, आणि स्वतःची बाजू तर मुळीच मांडायची नाही. सगळ्यांचं सांगून झालं की डोळे उघडायचे आणि ज्याची त्यानं उचलायची. हा नियम बाबांनी घातलेला. लाखेची चमक डोळ्याला फसवते, असं त्यांचं म्हणणं. पटाशी हातात जराशी थरथरली तरी लाकडावर बारीक लहर उठते. कागदानं घासा, लाख चढवा, ती दिसत नाही, पण अंगठ्याला लागते. पारखीत सगळीकडून 'साफ' आलेली वस्तू मी तोवर पाहिली नव्हती. काहीतरी निघायचंच.

आणि बाबा स्वतःची वस्तू टोपलीत कधी टाकत नसत. टाकायची गरजच काय होती?

एका वर्षी दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. त्या महिन्याची पारख चालू होती. माझ्या हातात एक पाय आला. खाटेचा असतो तसा, पण बारीक आणि उंच. मानेला सुरेख वळण, बुडाला दोन कंगोरे. घडण अशी की मी मनात वाहवा म्हटलं. आणि मग अंगठा खाली आला तशा लहरी लागल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्या अंगावर. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यावरून हात फिरवावा तसं वाटलं. मला वाटलं, हा दुकानदाराचा. मागच्या रविवारी तो कसलातरी नवा नमुना काढणार म्हणून फुशारकी मारत होता, आणि त्याला घाईची सवय होतीच.

मी म्हणाले, "साऱ्या अंगावर लहर हाये. ज्यानं हे केलं त्याचा हात पटाशीवर नाई. त्यानं दुकानात बसून कापडच फाडावं."

दोघं-तिघं हसले. पाय पुढे गेला. फेरी संपली, डोळे उघडले, जो तो आपापली वस्तू उचलू लागला. पाय तसाच राहिला. मी दुकानदाराकडे बघत होते आणि दुकानदार माझ्याकडे बघत होता. त्याच्या हातात त्याची फुलदाणी होती.

बाबांनी हात लांब केला आणि पाय उचलला. "मायं हाये," ते म्हणाले.

तो हात पायाभोवती धरलेला असतानाही थरथरत होता. इतके महिने तो आमच्या डोळ्यांसमोर होता आणि आम्हाला दिसला नव्हता. बाबांनी पाय धोतराच्या सोग्यात गुंडाळला, चहा प्यायले, दोन जणांना त्यांच्या कामातलं समजावून सांगितलं आणि वेळेवर घरी गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

घरी पोचलो. दार उघडताना नवरा म्हणाला, "काऊन बोल्ली वं तू असं? जाऊन माफी माग."

"कायची माफी मागू जी? खोट होती का नाई?"

"होती."

"मंग?"

"पन थे कापड फाडाचं..."

तेवढं त्याचं खरं होतं. मंगळवारी सकाळची जेवणं आटोपली आणि मी बाबांच्या घरी गेले. ते अंगणात बाजेवर बसले होते. समोर सतरंजीवर तसेच चार पाय मांडलेले होते.

मी उभ्याउभ्याच म्हणाले, "बाबा, खोट सांगतली त्याची माफी मागाले मी नाई आली. कापड फाडाचं बोल्ली, त्याची मागाले आली."

बाबा हसले. "थे तं तू दुकानदाराले म्हनत होती. त्याची माफी त्याले माग."

ती मी आजतागायत मागितलेली नाही.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या मुलाची मुलगी समुद्रपूरला दिली होती, ती पहिल्या बाळंतपणाला येणार होती. फाल्गुनात दिवस भरत होते. त्यांच्या घरचा रिवाज असा की पहिल्या लेकराचा पाळणा बाजारातून आणायचा नाही आणि परक्याच्या हातचाही घ्यायचा नाही. मुलीच्या लेकराचा त्यांनी केला, ही नात जन्मली तेव्हा तिचा केला. आता तिच्या लेकराचा करायचा होता. बाकीचा पाळणा जुना होता तोच चालणार होता, पण पाय वाळवीनं खाल्ले होते. चार पाय हवे होते.

"घरी कोनी खरं नाई सांगत," बाबा म्हणाले. "सून म्हंते, मस्त झाले. पोरगा म्हंते, मस्त झाले. मले हात दिसून राह्यला न मायाच. म्हून टोपलीत टाकला. म्हटलं, पारखीत तरी खरं निघन."

मग त्यांनी विचारलं, "पुढच्या पारखीले पुन्हा ठेवतो. सांगशीन का?"

"सांगन," मी म्हणाले.

तो महिना माझा वाईट गेला. मी खाष्ट आहे, पण दगड नाही. ओळीनं चार रविवार बाबा आमच्याआधी येऊन खरादेवर बसलेले असायचे. उजवा हात डाव्यानं दाबून धरायचे, श्वास रोखायचे, पटाशी लावायचे. मोटरच्या आवाजातही पटाशीची टकटक ऐकू यायची. आम्ही आपापल्या लाकडाकडे बघत बसायचो. मी घरी देवाजवळ दिवा लावताना म्हणायची, या म्हाताऱ्याचा हात एका पायापुरता तरी स्थिर कर. असलं काही मी देवाला कधी मागत नाही, मला मागायला आवडत नाही.

पारखीच्या दिवशी शेडकडे जाताना नवरा चालता चालता थांबला. "आज सारे साफ म्हननार हाये," तो म्हणाला. "तूबी म्हनजो."

"कोनं ठरवलं हे?"

"साऱ्यानं. परवा दुकानात बसलो होतो तवा."

"मले काऊन नाई बोलावलं?"

"तू आयकली असती का?"

मी पुढे चालू लागले. उत्तर त्याला माहीत होतं.

सगळे बसले. डोळे मिटले. पाय टोपलीतून निघाला आणि फिरू लागला. कुणाचा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते बाबांनाही ठाऊक होतं.

"साफ," मास्तर म्हणाले.

"एकदम साफ," दुकानदार म्हणाला. "काईच नाई."

नवऱ्यानंही 'साफ' म्हटलं, पण इतकं हळू की ते मलाच कसंबसं ऐकू आलं. मी नियम मोडला आणि डोळे किलकिले केले. बाबा डोळे मिटून बसले होते. प्रत्येक 'साफ'ला त्यांची मान थोडी खाली जात होती. असे सहा साफ झाले. ज्या मंडळात दुकानदाराच्या फुलदाणीत पाच ठिकाणी खोट निघाली होती, तिथे त्यांच्या पायाला लागोपाठ सहा साफ. त्यांना काय कळत नव्हतं?

पाय माझ्या हातात आला. मी खरंच मनापासून अंगठा फिरवला, नसावी म्हणून फिरवला. पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी बरा होता. महिनाभर त्या माणसानं स्वतःच्या हाताशी झुंज घेतली होती. पण होती.

"दोन ठिकानी लहर हाये," मी म्हणाले. "मानेखाली एक अन् बुडाजवळ एक."

नवऱ्यानं कपाळाला हात लावला असणार, मी बघितलं नाही.

"कुठी?" बाबांनी विचारलं. डोळे मिटलेलेच होते, पण मान वर आली होती.

मी उठून त्यांच्याजवळ गेले. त्यांचा अंगठा धरला आणि आधी मानेखाली, मग बुडाजवळ ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पुढेमागे फिरवला.

"हो," ते म्हणाले. "हाये."

मग त्यांनी डोळे उघडले आणि बाकीच्या सगळ्यांवर असे कडाडले की आरामशीनचा रखवालदार धावत आला. "काऊन रे! साफ म्हनाले मी मढं हाव का? मेल्यावर म्हना साफ! तवर खोट सांगा!"

दुकानदार खाली बघून ढलप्या चाळवत होता. त्याचे डोळे भरले होते, हे मी मान्य करते. मास्तरांनी हळूच विचारलं, "मंग बाबा, पुन्हा एकदा करून पाह्यता का?"

बाबांनी उजवा हात समोर धरला आणि जणू दुसऱ्या कुणाचा असावा तसा न्याहाळला. "नाई," ते म्हणाले. "हा झाला आता. तुमी करा. एक पाय मास्तर, एक दुकानदार, एक मेकॅनिक, एक बाई."

"पन तुमच्या घरचा रिवाज?" नवऱ्यानं विचारलं. "परक्याच्या हातचा नाई चालत न?"

"पटाशी धराले कोनं शिकवलं तुमाले?" बाबा म्हणाले. "परका कोन हाये इथं?"

चार माणसांनी एकासारखे एक चार पाय करायचे म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच कळतं. चौघांचे चार हात आणि चार स्वभाव. मास्तरांनी पुठ्ठ्याचा साचा कापून दिला. त्याच्यावर प्रत्येक वळण लावून बघायचं. शिवणाचं लाकूड घेतलं, हलकं आणि न तडकणारं. बाबा खरादेशेजारी ओंडक्यावर बसायचे आणि पटाशी लाकडाला लागली की आवाजावरूनच ओरडायचे. दुकानदाराचा पहिला पाय चहाच्या चुलीत गेला. माझे दोन गेले. तिसऱ्या पायाला मी पोळीला लावते तसा हात लावला, जोर सोडून, आणि लाकूड आपणहून येऊ लागलं. एवढा चांगला पाय मी त्याआधी केला नव्हता आणि नंतरही केला नाही. त्या दोन महिन्यांत दुकानदारानं मला एकदाही डिवचलं नाही. मलाच करमेनासं झालं.

माघ सरता सरता चारही पाय पारखीला आले. त्या दिवशी बाबा शेवटी बसले. एकेक पाय फिरत गेला. सगळ्यांनी या वेळी खरं सांगितलं, आणि खरंच फारसं काही निघालं नाही. मास्तरांच्या पायाला बुडाशी एक चर निघाली, ती तिथल्या तिथे काढली. नवऱ्याचा पाय बाबांनी साफ म्हटला, दुकानदाराचा साफ म्हटला. माझा सगळ्यात शेवटी होता. सगळ्यांनी साफ म्हणून पुढे दिला. तो बाबांच्या हातात गेला.

"मानेखाली लहर हाये," बाबा म्हणाले.

मी डोळे उघडले. बाकीच्यांनीही उघडले. माझा पाय मला माहीत होता. त्यावरून मी शंभर वेळा अंगठा फिरवला होता, कणकेच्या हातानं, ओल्या हातानं, कोरड्या हातानं. मानेखाली काही नव्हतं. मास्तरांनी बाबांच्या हातून पाय घेतला, पुन्हा अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. नवऱ्यानं घेतला, फिरवला, बघितलं. दुकानदारानं घेतलाच नाही. तो सरळ माझ्याकडेच बघत होता, की आता ही बाई काय करते.

मला तो मागचा दिवस आठवला, बाबांचा अंगठा धरून मी लहरीवर ठेवला होता तो. किती वेळ ते फिरवत होते. मग 'हो, हाये' म्हणाले. ती त्यांच्या अंगठ्याला लागली होती की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, हे मला आजही ठाऊक नाही. हात गेला हे मीच सांगितलं होतं. अंगठाही गेला हे सांगायला माझी जीभ उचलेना. आणि नियम माझ्या बाजूला उभा होता. ज्याची वस्तू त्यानं बोलायचं नाही.

मी उठले, खाकी शर्ट चढवला, पाय खरादेवर चढवला आणि मोटर सुरू केली. जिथे काहीच नव्हतं तिथून मी एक ढलपी काढली, इतकी पातळ की ती हवेतच राहिली. सगळे बघत होते. मी वरून लाखेचा हात दिला, पाय थंड होऊ दिला, आणि बाबांच्या हातात ठेवला.

त्यांनी डोळे मिटले. अंगठा मानेखाली नेला, वर आणला, पुन्हा खाली नेला. चेहरा उजळला त्यांचा.

"आता झाला," ते म्हणाले. "होती न लहर, बाई?"

"होती जी, बाबा," मी म्हणाले.

त्या शेडमध्ये आठ वर्षांत मी बोललेलं खोटं तेवढं एकच. त्याबद्दल कुणी मला जाब विचारायला आलं, तर मी आजही त्याच्याशी भांडेन.